विसरण्याआधीचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे. आइस्क्रीमचा नव्हे, उगाच जिभल्या चाटू नका! गोथेनबर्गच्या एका प्रयोगशाळेत मी उणे ऐंशी अंशांवर उभा असतो. एवढ्या गारठ्यात सुखदुःख फारसं जाणवत नाही. माझ्या पोटात माणसांच्या मणक्यातलं पाणी असतं, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मेंदूत सूज असते आणि तिच्या खुणा या पाण्यात उतरतात. पण आधी सूज की आधी विसरणं? ते कळायला माणूस धडधाकट असतानाचं पाणी लागतं. ते फार थोड्यांनी दिलं. ट्राम चालवणारी सिगब्रित त्यांतली एक. तिची मुलगी इल्वा इथेच काम करते. बारा वर्षांपूर्वी इल्वानेच आईच्या तीन नळ्या माझ्यात ठेवल्या. आता सिगब्रितला लेकीचं नावही आठवत नाही. आईचं कधीपासून बिघडत होतं, एवढं तरी कळावं म्हणून इल्वा या तपासणीकडे डोळे लावून बसली होती. तपासणी सोमवारी होती.

उन्हाळी सुट्टीआधी माझा बर्फ खरवडतात. शुक्रवारी इल्वा माझे डबे शेजारच्या फ्रीजरमध्ये हलवत होती. शेवटचा, सिगब्रितच्या तीन नळ्यांचा डबा टेबलावर होता, तेवढ्यात तीन वाजले. इथे तीनला कॉफी म्हणजे कॉफी. न जाणारा शिष्ट ठरतो. त्यात तिचा सहकारी होकान याचा पन्नासावा वाढदिवस!

"अगं, केक संपेल! चल पटकन," होकानने हाक मारली.

"आलेच! केक खाऊन दोन मिनिटांत परत येते," म्हणत इल्वा डबा टेबलावरच ठेवून गेली.

ती पाऊण तासाने आली. नळ्यांतलं पाणी हलत होतं. एकदा वितळलेल्या पाण्यातल्या खुणांचा भरवसा नसतो.

होकान हळूच म्हणाला, "ठेव आत. गोठलं की कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! आईच्या नावावर खोटा आकडा नको."

तिने तिन्ही नळ्यांवर लाल शाईने 'वितळल्या' असं लिहिलं आणि वहीतही नोंद केली. होकान मान खाली घालून म्हणाला, "माझ्याच केकने घात केला."

इल्वाने माझ्याशेजारी उभं राहूनच फोन लावला.

"आई, तुझ्या नळ्या माझ्या हातून वाया गेल्या गं."

"कोण बोलतंय?"

"मी, इल्वा."

"बरं. रडू नकोस बाई. परत काढा की पाणी, मी देईन."

बारा वर्षांपूर्वीचं पाणी आता कुठून काढणार? पण इल्वा "हो" म्हणाली.

मित्रांनो, मला वाईट वाटलं का, ते सांगता येत नाही. तुम्ही मात्र दुसऱ्याची ठेव हातात असेल, तर आधी ती जागेवर ठेवा. कॉफी थांबते. त्या नळ्या आता पुन्हा माझ्यात आहेत. कुणी तपासत नाही, आणि टाकायला इल्वा कुणाला हात लावू देत नाही.