तिसरी लेक

“पोरांची नावं हेळव्याच्या वहीत ऱ्हात्यात, वैजे. पोरींची कुटं ऱ्हात्यात? हितं. पाळण्यात.”

पस्तीस वर्षांपूर्वी, धाकट्या भावाच्या, अमृतच्या बारशाला, मोडनिंबच्या घरात बजाआत्या हे म्हणाली होती. तोच आवाज वैजयंतीच्या कानात वाजत होता आणि शुक्रवार पेठेतल्या माडीवर ती पाळण्याच्या दोरीला झेंडूची माळ बांधत होती. गाठ तिसऱ्यांदा सुटली.

“आत्याबाई, माळ बांधताय का सोडताय?” शेजारची शिवलीला म्हणाली. घुगऱ्यांच्या वाट्या मांडणाऱ्या बायका हसल्या.

“वन्सं, पाळणा फोनवर लावायचा ना?” बाळाला टोपडं घालता घालता भावजयीनं, रेश्मानं विचारलं. “आत्यांच्या आवाजातच. स्पीकर आणून ठेवलाय यांनी.”

“खरखर येती जरा त्यात. मी तोंडानंच म्हणते.”

खरखर नव्हती. फोनवर काहीच नव्हतं.

पिढ्यांची नावं सांभाळणारा हेळवी पूर्वी सुगीनंतर बैलावरून दारात यायचा, वही उघडून पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत वाचत जायचा. त्यात बाईमाणूस नसायचं. म्हणून घरातल्या अकरा लेकींची अकरा कडवी एका आत्याकडून दुसऱ्या आत्याच्या गळ्यात उतरत आली होती. वैजयंतीनंतर बारावं कडवं आज पाळण्यात निजलेल्या पोरीचं व्हायचं होतं.

हिवाळ्यात पाच रविवार ती एसटीनं मोडनिंबला गेली. बजाआत्या भिंतीला टेकून म्हणायची, मधेच थांबून कुठली लेक कुठं दिली, कुणाच्या हाताला काय चव होती ते सांगत बसायची. समोर पिठाच्या डब्याला टेकवलेला फोन ते सगळं टिपत असे. तो टिपत असेतो त्यावर खेळता येत नसे, तेवढंच वैजयंतीला जाचत होतं. टिपलं जातंय की, म्हणून तिनं एकही कडवं पाठ केलं नाही.

फोनवरच्या गेममध्ये तिची एक गढी होती आणि गढीवर तारा नावाची धनुर्धारी. कुर्डुवाडीचं सासर सोडून ती माहेरी आली, आणि जो भेटेल तो ‘परत कधी जाणार?’ विचारू लागला, त्या दिवसांत तिनं ही तारा वाढवली होती. तिथं तसं कुणी विचारत नसे. तिथं हुबळीचा कुणी, नाशिकची कुणी तिला म्हणत, ताई, तू आलीस की आपण जिंकतो. मग दूध उतू जायला लागलं. कॉलेजच्या ऑफिसात दाखल्यासाठी खिडकीपलीकडं उभी पोरं ‘मॅडम, मॅडम’ करत राहत आणि हिची मान टेबलाखाली. रेश्माला कळा सुरू झाल्या त्या सकाळी रिक्षा आणायला गेलेली वैजयंती कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून लढाई संपवत होती. अमृत स्वतः दुसरी रिक्षा घेऊन तिच्या समोरून गेला. थांबला नाही. थांबून चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण रिक्षाची ती सकाळ नंतरची; त्याआधी फेब्रुवारीतली एक दुपार होती. जेवणाच्या सुट्टीत गेमनं नवी आवृत्ती उतरवून घ्यायला सांगितलं. फोनमध्ये जागा नव्हती आणि तीन वाजता लढाई होती. फोननंच यादी मांडली, सगळ्यात मोठ्या फायलींची. वरच्या पाच. प्रत्येकीवर बजाआत्याचा नखाएवढा चेहरा. ‘कायमच्या काढायच्या का?’ असं फोननं विचारलं. वैजयंती मनात म्हणाली, पुढच्या रविवारी परत जाईन, परत टिपीन. आणि हो म्हणाली. पुढच्या रविवारी हंगामातली शेवटची लढाई निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी नवा हंगाम. होळीच्या आदल्या दिवशी आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

जिन्यावर गलका झाला. अमृत आणि गल्लीतले दोघं बजाआत्याला खुर्चीसकट उचलून माडीवर आणत होते.

“सावकाश रं! आत्या, नवरीगत आली बघ तू वरातीतनं,” अमृत म्हणाला. खुर्ची त्यानं पाळण्याशेजारी टेकवली, आत्याचा पदर सारखा केला. “आता काळजी न्हाय. ताईकडं सगळं हाय तुझं.”

आत्या अर्ध्या तोंडानं हसली. डावा हात लांब करून तिनं वैजयंतीचा दंड चाचपला आणि धरूनच ठेवला.

बाळाला पाळण्यात घातलं. वैजयंती वाकली, इवल्या कानाशी तोंड नेऊन तिनं ‘कुर्रर्र’ केलं, नाव सांगितलं, “सई.” रीतीप्रमाणं पाठीवर मागून बायकांचे बुक्के पडू लागले.

“हाणा गं! आत्याला सोडायचं न्हाय आज!”

“अगं, जोरात! भात खाल्ला न्हाईस का सकाळी?”

बुक्के लटके होते, बांगड्यांचा आवाजच जास्त. बायका थांबल्या तरी वैजयंती जराशी वाकूनच राहिली. अजून कुणी मारील म्हणून.

“उठा की वन्सं. म्हणा आता.”

तिनं दोरी हातात घेतली. पहिली दोन कडवी लहानपणीच कानात बसली होती, ती आपसूक आली.

“पहिली लेक गं गवराबाई,
आडावरती तिची घाई,
घागर भरून उन्हात येई,
जो बाळा जो जो रे जो.

दुसरी लेक गं सोनाबाई,
जात्यासंगं जागी राही,
पिठात तिच्या चांदणं येई,
जो बाळा जो जो रे जो.”

आत्याचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर ताल धरत होता. बायकांनी ‘जो जो रे जो’ उचललं. तिसरं कडवं. वैजयंतीनं डोळे मिटले. मोडनिंबची भिंत दिसली, पिठाचा डबा दिसला, आत्याचे हलणारे ओठ दिसले. शब्द नव्हते. दोरी हलत होती, बायका वाट बघत होत्या, आणि तोंडात जे होतं तेच आलं.

“तिसरी लेक गं ताराबाई,
हाती धनुष्य, मागं न पाही,
गढी राखाया उभी राही,
जो बाळा जो जो रे जो.”

“आगं बया, धनुष्य!” शिवलीलानं गालावर हात ठेवला. “लढाया केल्यात व्हय तुमच्या बायांनी? म्हणून अमृतभाऊ घरात एवढं गप ऱ्हात्यात!”

माडी हसण्यानं भरली. आत्याचा हात तेवढा थांबला होता.

“थांबा थांबा,” रेश्मा म्हणाली. तिनं उशाखालून कोरी वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं. “मी लिहूनच घेते. सईच्या वहीतलं पहिलं पान हे. गवराबाई, सोनाबाई, ताराबाई. बरोबर ना हो, आत्या?”

वैजयंतीला वाटलं, आता आत्या मान हलवील. नाही म्हणील. एका हातानं का होईना, खूण करील.

आत्या तिच्याकडं बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, संशयही नव्हता. काही तरी हातातून सांडलं आणि चारचौघांत दिसलं, तशी ती ओशाळली होती. तिनं डावा हात उचलून आपल्याच कपाळावर दोनदा मारला, विसरभोळ्या पोराला टपली मारावी तसा. मग होकारार्थी मान हलवली. वाकडे ओठ जुळवून ती नवं नाव पाठ करू लागली.

“ता... ता...”

रेश्माचं पेन कागदावर टेकलं.

वैजयंतीनं दोरी सोडली. तिनं वहीवर हात ठेवला तशी शाई तळव्याला लागली. ती आत्याच्या खुर्चीपुढं खाली बसली. कपाळावरचा तो हात तिनं धरून मांडीवर घेतला. बायकांना अजून कळलं नव्हतं, कुणीतरी मागं हसतच होतं. अमृत जिन्याच्या दारात स्पीकर घेऊन उभा होता.

“आत्या, तू न्हाय चुकली,” ती म्हणाली. मग तिनं पुन्हा म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. “तू काय बी विसरली न्हाईस. तारा आपली न्हाय. ती माझ्या गेममधली हाय. तुझी गाणी मी पुसली, आत्या. पाची रविवार. गेमला जागा पायजे हुती म्हणून.”