माझ्या पोटातला उष्टा नान

बादली म्हटलं की तुम्हाला विहीर आठवेल, नाहीतर न्हाणीघर. मी तसली नव्हे. मी छातीवर बांधायची बादली आहे, सफरचंदं तोडणाऱ्यांची. माझे दोन पट्टे खांद्यांवरून पाठीमागे जातात आणि माझं तोंड माणसाच्या हनुवटीखाली येतं. तळ माझा कापडी. दोरी सोडली की तो खाली उघडतो आणि फळं न आपटता मोठ्या पेटीत उतरतात. फळाला डाग पडू नये म्हणून माझ्या काठाला मऊ लोकरीची पट्टी लावलेली आहे. सफरचंदाची एवढी काळजी घेणाऱ्या कारखान्याला तोडणाऱ्याचे खांदे मात्र आठवले नसावेत, कारण माझे पट्टे जाम काचतात.

छातीवर राहिलं की माणसाचं काळीज ऐकू येतं. शिडीच्या वरच्या पायरीवर ते कसं धडधडतं, घरून फोन आला की कसं एक ठोका चुकतं, हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं झाली, पण त्या आवाजाचं माझं नवल काही संपलेलं नाही.

विलायतेत, केंटमधल्या हिल्डा टॅप्सेलच्या शेडमध्ये मी आले तेव्हा हिल्डा पन्नाशीची होती. तिच्या वडिलांनी लावलेली सहा एकरांची जुनी बाग तिने एकटीने सांभाळली होती. झाडं उंच, वेडीवाकडी, शिडीशिवाय हाती न लागणारी. पहिल्याच हंगामात मला बल्गेरियाच्या स्टॉयन्काने उचललं, काठ चाचपून पाहिला आणि माझ्या कापडावर आतून आपलं नाव लिहिलं. पुढचे नऊ हंगाम मी तिची होते.

सफरचंद कधी ओढायचं नसतं. तळव्यात घ्यायचं, जरा वर उचलायचं आणि मनगट हलकेच वळवायचं. तयार झालेलं फळ देठासकट आपण होऊन हातात येतं. ओढलं तर देठ फांदीलाच राहतो आणि ते फळ आठवड्यात सडतं. स्टॉयन्का दोन्ही हातांनी दोन फांद्यांवर एकाच वेळी हे करायची, वर तोंडाने गप्पाही मारायची. मी वीस किलोंनी भरायचे तरी तिच्या एकाही फळाला बोट लागल्याची खूण नसायची. असले हात कुठे घडतात, याचा विचार करून मी थक्क व्हायचे. आणि लोक त्याला अडाण्यांचं काम म्हणायचे!

मग एका वर्षी युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, यावर या देशात मतदान झालं. त्यानंतरच्या हंगामात चहाच्या सुट्टीत स्टॉयन्काने सरळ विचारलं.

"हिल्डा, तू पण आम्हाला जा म्हणालीस?"

हिल्डा कपात बघत राहिली. "तुला नव्हे गं. बाकीच्यांना."

"बाकीचे म्हणजे कोण? बागेत तर आम्हीच आहोत."

यावर शेजारचा सेड्रिक मोठ्याने हसला. सेड्रिक म्हणजे हिल्डाचा शाळेपासूनचा सोबती, स्वतःची बाग विकून दुसऱ्याच्या बागेत सल्ले देत हिंडणारा. त्याचंही मत तेच होतं. स्टॉयन्काही हसली, पण मी तिच्या छातीवर होते. आत हसू नव्हतं.

आणखी काही वर्षं ती आली. मग कागदपत्रं आडवी आली. दर हिवाळ्यात घरी जाणाऱ्या बाईने आपण इथे राहत होतो हे सिद्ध कसं करायचं? तिने जर्मनीत काम धरलं आणि नाताळाला एक कार्ड पाठवलं. हिल्डाने ते माझ्या शेजारच्या खिळ्याला अडकवलं.

पुढचा हंगाम मला आठवायलाही नको वाटतो. हिल्डाने गावात पाट्या लावल्या, पेपरात जाहिरात दिली. अकरा जण आले. एकाला शिडीवर चक्कर आली, दोघांनी जेवणाच्या सुट्टीत पळ काढला, एकाने मला छातीवर बांधून आधी आपला फोटो काढून घेतला. चौथ्या दिवशी कुणीच उरलं नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही. एवढ्या पैशात एवढं काम कुणी का करावं? आणि दुकानवाले सफरचंदाला भाव वाढवून देत नव्हते, म्हणून हिल्डा मजुरी वाढवू शकत नव्हती. सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि झाडं बिचारी पिकत होती.

मग फळं पडायला लागली. वारा नसताना बागेतून धप्प, धप्प असा आवाज दिवसभर यायचा. हिल्डा शेडचं दार लावून घ्यायची, तरी तो ऐकू यायचाच.

"पुढच्या वर्षी असंच झालं तर यंत्र बोलावते आणि सगळी झाडं उपटून काढते," ती सेड्रिकला म्हणाली. "बाबांची झाडं अशी कुजताना मला नाही बघवत."

पुढच्या वर्षी तिने परदेशी मजूर पाठवणाऱ्या कचेरीकडे बारा माणसं मागितली. आली पाच. त्यांत एक होती ओयदिन, उझबेकिस्तानातल्या नमनगानची. सहा महिन्यांच्या परवान्यावर आलेली. एप्रिलपासून दुसऱ्या शेतावर स्ट्रॉबेरी तोडत होती. तिथलं काम आटलं तसं तिला आमच्याकडे पाठवलं. विमानाचे आणि परवान्याचे पैसे भरून निघेपर्यंतच तिचा अर्धा उन्हाळा सरला होता.

तिने मला खांद्यावर चढवलं, पट्टे चार भोकं आवळले आणि पहिल्या झाडापाशी जाऊन नुसती उभी राहिली. एक सफरचंद तळव्यात घेतलं. उचललं, वळवलं. देठासकट हातात आलं. मला तर हायसंच वाटलं.

"हे कुणी शिकवलं तुला?" हिल्डाने विचारलं.

"आजोबांनी. आमच्या नमनगानला सफरचंदं शिकवावी लागत नाहीत, हिल्डा-ओपा." ओपा म्हणजे थोरली बहीण. पहिल्या दिवसापासून ती हिल्डाला तसंच म्हणायची आणि हिल्डाला ते आवडायचं, पण तसं ती दाखवायची नाही.

सेड्रिक शिडीखाली येऊन उभा राहिला. "तू तिकडे शाळेत भूगोल शिकवतेस म्हणे! मग इथे कशाला झाडावर चढलीस?"

"तिथे महिन्याला मिळतं ते इथे आठवड्यात मिळतं."

"मग मजा आहे की!"

"त्यातलं खोलीचं भाडं इथेच ठेवून जायचं, काका. उरलेल्यात मजा बसवून दाखवा, मी तुम्हाला भूगोल फुकट शिकवते."

सेड्रिकने टोपी डोक्यावर नीट बसवली आणि एकही सल्ला न देता वाट धरली. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

बारा जणांचं काम पाच जणं करत होती. ओयदिनचा परवाना ऑक्टोबरच्या मध्याला संपत होता आणि तोडणी त्याआधी संपायला हवी होती. सकाळच्या दवात तिची बोटं गारठून लाल व्हायची, दुपारी खांद्यांवर माझ्या पट्ट्यांचे वळ उठायचे. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर सात वर्षांच्या नोझिमाशी, आपल्या लेकीशी, बोलायची तेव्हाही मला उतरवायची नाही, वेळ जाईल म्हणून. मी तिच्या काळजाला कान लावून असायचे. एवढ्याशा बाईच्या आत एवढं बळ कुठून येत असेल?

शेवटच्या दिवशी शेवटचं झाड उरलं, विहिरीजवळचं, सगळ्यांत म्हातारं. चारला ते रिकामं झालं. हिल्डा खाली उभी होती. तिने टोपी काढली आणि एवढंच म्हणाली, "झालं गं पोरी." तिचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी यायच्या आधी ओयदिन शेडमध्ये आली. हातात तिने आपल्या खोलीतल्या भट्टीत भाजलेला गोल नान होता, मधोमध नक्षी ठोकलेला. हिल्डासमोर तिने त्याच्या कडेचा एकच घास दाताने तोडला आणि उरलेला नान पुढे केला.

"का गं? बिघडला का?" हिल्डाने विचारलं.

"नाही, ओपा. आमच्याकडे लांब जाणारा माणूस असा एक घास खाऊन जातो. बाकीचा नान घरी जपून ठेवतात. तो परत आला की उरलेला त्यानेच खायचा. माझा एक घरी टांगलेला आहे. नोझिमा रोज बघते, कुणी हात तर लावला नाही ना. हा इथला."

"अगं, पण याला बुरशी येईल."

"नाही येत. वाळतो. मी येईपर्यंत थांबतो."

हिल्डाने मला पुसून तो नान माझ्यात ठेवला आणि मला खिळ्याला टांगलं. पण मला आतली गोष्ट माहीत होती. मागेच ठरवून ठेवलेलं यंत्र फेब्रुवारीत झाडं उपटायला येणार होतं, हे हिल्डाने तिला सांगितलंच नाही. यंदाची फळं सगळी उतरली होती, तरी पुढच्या वर्षी माणसं मिळतील याची खात्री कुणी देत नव्हतं. ओयदिनला हीच बाग मिळेल याचीही नाही. हिल्डाने रद्द करायला फोन उचलला नव्हता.

जानेवारीत इकडे सफरचंदाच्या झाडांना जागं करायची रीत आहे. गावकरी संध्याकाळी भांडी बडवत बागेत जमतात, बुंध्याशी सफरचंदाची दारू ओततात आणि त्याच दारूत भिजवलेला पाव पाखरांसाठी फांदीला टांगतात. या वर्षी पुढारी सेड्रिक होता, डोक्यावर पानांची टोपी घालून. पाव घरी विसरला होता. शोधत शेडमध्ये शिरला, माझ्यात डोकावला आणि खूश झाला.

"वा! हिल्डाने शिळा पाव आधीच राखून ठेवलाय. हुशार बाई!"

मी ओरडून ओरडून सांगत होते, पण आमचा आवाज तुम्हाला कुठे ऐकू येतो? त्याने नान दारूत बुडवला आणि विहिरीजवळच्या म्हाताऱ्या झाडाला सुतळीने टांगला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फांदीला टांगला तो पाव कुठला, हे हिल्डाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, मी रिकामी दिसले तेव्हा. दुखऱ्या गुडघ्याने ती स्वतः शिडीवर चढली. पाखरांनी मधला भिजलेला भाग खाऊन टाकला होता. कडा उरली होती, आणि त्या कडेवर ओयदिनच्या दातांची खूण तशीच होती. तो तुकडा तिने माझ्यात ठेवला आणि माझ्याच शेजारी स्टुलावर बसून नमनगानला फोन लावला. ओयदिनचा चेहरा दिसताच ती एका दमात सगळं बोलून गेली: सेड्रिक, पाखरं, दारू.

"दारूत बुडवला?" ओयदिनने तोंडावर हात नेला. "अगं बाई! माझ्या आईला सांगू नका हं."

"पोरी, अजून एक आहे." हिल्डा म्हणाली. "पुढच्या महिन्यात मी ती झाडं काढणार आहे. तुला सांगायचं धाडस झालं नव्हतं."

ओयदिनने तोंडावरचा हात खाली घेतला.

"नान कोणत्या झाडाला टांगला होता?"

"तू शेवटचं तोडलंस त्याला."

"ओपा, आमच्याकडे तो घरातल्या खिळ्याला असतो. जिथे नान, तिथे माणसाने परत यायचं. तुम्ही तो झाडाला टांगलात. आता झाडच काढलंत, तर मी यायचं कुठे?"

फोन ठेवून हिल्डा रडली, पोटभर रडली. मग डोळे पुसले आणि यंत्रवाल्याला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. खिळ्यावर टांगल्या टांगल्या मी माझी बाग वाचल्याचं ऐकत होते. कणीक आणि पाण्याचा एक घास. त्याने सहा एकर झाडं धरून ठेवली. मला अजून त्याचा थांग लागत नाही.

आता ऑगस्ट संपत आलाय. फळांवर लाली चढतेय. हिल्डाने यंदाच्या माणसांत ओयदिनचं नाव घालून मागणी केली आहे. कुणाला कुठल्या शेतावर पाठवायचं ते त्या कचेरीत ठरतं, आणि कागद अजून आलेला नाही. काल हिल्डा गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली. जाण्याआधी तिने आयुष्यात पहिल्यांदा घरी पाव भाजला. एका बाजूला करपलेला, दुसरीकडे बसलेला. शेडमध्ये येऊन तिने त्याचा एक घास तोडला आणि उरलेला ओयदिनच्या तुकड्याशेजारी माझ्यात ठेवला.

"अगं, हॉस्पिटल वीस मैलांवर आहे," सेड्रिक म्हणाला. "तू काय नमनगानला निघालीस?"

"गप्प बस. आणि यात हात घालायचा नाही."

"बरं बाई. मीच जरा तोडणी करीन म्हणतो यंदा. ही बादली घेऊ? पट्टे तेवढे सैल करतो."

"पट्ट्यांना तर मुळीच हात लावायचा नाही!"

तुम्ही बाजारातून सफरचंद आणाल तेव्हा त्याचा देठ बघा. तो शाबूत असेल तर कुणीतरी ते तळव्यात घेतलं होतं, ओढलं नव्हतं. त्या हाताची एकदा आठवण काढा आणि त्याला पुरेसं मोल मिळालं का, एवढं कुणाला तरी विचारा.

मी विचारू शकत नाही. मी पोटात दोन बायकांचे दोन उष्टे तुकडे घेऊन दाराकडे तोंड करून टांगलेली आहे. माझे पट्टे अजून चार भोकं आवळलेले आहेत, ओयदिनच्याच मापाला.