राहीबाईच्या अकरा बिया

राहीबाई गेली आणि मागं काय ठेवलं, तर राखेत घातलेल्या अबईच्या अकरा बिया. जैनथ गावातल्या तिच्या घराच्या कुंपणावर दरसाल या शेंगांचा वेल चढायचा आणि गल्लीतल्या प्रत्येक चुलीवर अबईची भाजी पोचायची. हे बियाणं दुसऱ्या कोणाकडंच उरलं नव्हतं. आता वेल लावणं लेकीकडं आलं. भाग्यश्री शाळेत जीवशास्त्र शिकवते, तिला काय जड? मोठ्या तोऱ्यात तिनं सहा बिया पेरल्या. पंधरा दिवसांनी उकरल्या तर जशाच्या तशा, गोट्यांसारख्या. मग कुठंतरी वाचून बाईंनी त्यांच्यावर उकळतं पाणी ओतलं. झालं, सहाही शिजल्या.

उरल्या पाच. त्या गेल्या की मायचा वेल कायमचा गेला, या धास्तीनं तिचा हातच चालेना.

रविवारी सकाळी पाहते तर बाप, बाबाराव, अंगणात बसून फुटक्या रांजणाच्या खापरावर त्याच बिया घासतायत. भाग्यश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, काय करून राह्यले तुमी? कवच हाये ते, बीला जपते!"

"तुही माय असंच करे. कोंब फुटते त्या डोळ्याले धक्का लावाचा नाही. पाठीवर घासाचं, पांढरं दिसेपर्यंत. मंग पाणी आत जाते."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

"मास्तरीण तू. मले इचारलं कधी?"

ती तणतणत आत गेली. बापाला खोटं पाडायला कॉलेजातलं जाड पुस्तक काढलं. बीजाच्या कवचाला टेस्टा म्हणतात, हे ती वीस वर्षं पोरांकडून घोकून घेत आली होती. शब्द आला कुठून, हे तिनंही कधी विचारलं नव्हतं. खाली बारीक अक्षरात होतं: लॅटिन शब्द, अर्थ, भाजलेल्या मातीचं भांडं, खापर.

भाग्यश्री पुस्तक मांडीवर घेऊन बसूनच राहिली. सातासमुद्रापार कोणीतरी बी तळहातावर घेतली आणि त्याला घरातलं मडकं आठवलं. जीव ठेवायचं भांडं. आणि इकडं तिची माय, जिनं अक्षर पाहिलं नाही, ती त्याच भाजल्या मातीनं ते भांडं जरासं उघडत होती, पाणी शिरेल एवढंच. एवढं थोर काही आपल्या अंगणात दरसाल घडत होतं आणि आपण शाळेची घाई करत बाजूनं जात होतो, याची तिला लाज वाटली.

बाहेर येऊन ती गुपचूप बापाशेजारी बसली आणि पाचवी बी तिनं स्वतः घासली.

पेरल्यावर सातव्या दिवशी माती फुगली. पाच जाड कोंब वर आले, एकाच्या डोक्यावर अजून ते कवच होतं. भाग्यश्रीनं काढायला हात नेला.

"राहू दे," बाबाराव म्हणाले. "त्याचं काम झालं का ते आपोआप उतरते."

दुपारी ते गळून पडलं. तिनं उचललं. पातळ, तांबूस, रिकामं. माय गेल्यापासून न आलेलं रडू तिला तिथं आलं, आणि बाबाराव तिच्याकडं न बघता वेलासाठी काठ्या रोवत राहिले.

"गल्लीत सांगून ठेव," ते म्हणाले. "औंदा अबई येते म्हणावं."