उंचीच्या थेंबांची बाटली

मी तपकिरी काचेची एक जुनी बाटली आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे.

भट्टीतून निघाले तेव्हा माझा कुणावर राग नव्हता. वाटलं होतं, पोटात खोकल्याचं औषध भरतील, एखाद्या लेकराला शांत झोप लागेल. पण मला नेलं एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं निळ्या पिंपातलं कडूजहर पाणी माझ्यात ओतलं. पिंपावर नाव नव्हतं. माझ्यावर मात्र सोनेरी कागद डकवला. त्यावर एक रुबाबदार हरीण, आणि खाली ‘शिंगाच्या मखमलीचा नैसर्गिक अर्क, उंची वाढवणारा’.

ही मखमल काय, ते शेडमधल्या बोलण्यातून कळलं. चितळ-सांबरांसारख्या हरणांच्या नरांची जुनी शिंगं गळतात, नवी फुटतात. नवं शिंग कोवळं असतं, वरून लवदार कातडी, आत रक्त खेळतं. परदेशात त्यासाठी हरणं पाळतात आणि शिंग टणक व्हायच्या आत कापून घेतात. शिंग भराभर वाढतं, म्हणून ते पिणारा माणूसही वाढतो, असं यांचं शास्त्र. कारल्याचा वेल दोन दिवसांत हातभर चढतो. म्हणून कारलं खाणारा मांडवावर चढतो का? आणि माझ्या पोटात तर हरणाचा केसही पडताना मी पाहिला नाही.

डोणगावजवळ शंकररावांची पोलीस भरतीची अकॅडमी आहे. तिथल्या कपाटातून मी सुचिताच्या हाती आले. एकोणीस वर्षांची पोर. आई विमलबाई वांगी-मेथी पिकवून बाजारात विकायच्या. आठशे मीटरच्या धावण्यात सुचिताला कुणी गाठू शकत नसे, पण उंची दीड सेंटीमीटरनं कमी भरायची. शंकररावांनी तिला सांगितलं, की हे नैसर्गिक आहे, अपाय काही नाही, तीन महिन्यांत फरक दिसेल. तिनं विश्वास ठेवला. सरांवर नाही ठेवायचा तर कुणावर?

रोज सकाळी दहा थेंब. बाटलीला तोंड असतं, मित्रांनो, पण बोलता येत नाही.

दुसऱ्या महिन्यात तिच्या चेहऱ्यावर फोड आले. आवाज घोगरा झाला. मग पाळी चुकली, आणि विमलबाईंच्या मनात नको ती शंका आली.  दोन दिवसांनी माय-लेकी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर महामायाबाईंनी तपासण्या केल्या, मनगटाचा एक्स-रे काढला. पोरीला दिवस गेलेले नाहीत, तिच्यात काही खोट नाही, असं त्यांनी आधी आईला बजावलं. मग मला उजेडात धरून म्हणाल्या, की सुचिताच्या हाडांची वाढ केव्हाच पूर्ण झाली आहे, आता कुठल्याच थेंबांनी उंची वाढायची नाही. आणि ही लक्षणं पाहता यात कुणीतरी हार्मोन मिसळल्याचा त्यांना संशय आहे. थेंब त्याच दिवशी बंद झाले. विमलबाई बाहेरच्या बाकावर बसून लेकीचा हात धरून रडल्या.

दुसऱ्या सकाळी सुचिता मैदानावर गेली. मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांत शंकररावांची मुलगी प्रेरणाही होती, उंचीला अगदी सुचिताएवढी. सुचितानं मला शंकररावांपुढे धरलं.

“सर, हे तुमच्या प्रेरणाले पाजता काय?”

“तिले कायले पाजू?” ते बोलून गेले.

“मंग मले काऊन पाजलं?”

शंकररावांनी शिट्टी तोंडाला लावली, पण वाजवली नाही. प्रेरणा रांगेतून निघून सुचिताच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“बाबा,” ती म्हणाली, “वनरक्षकाच्या भरतीले एवढी उंची चालते. म्हणून तर मी तिची तयारी करून राह्यली. तिले एवढं तरी सांगाचं होतं.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! ती एवढीशी गोष्ट एक पैसाही न घेता सांगता आली असती. पण ती सांगितली असती तर मी विकली गेले नसते.

सुचितानं मला फेकलं नाही. एसटीनं बुलढाण्याला नेऊन लेखी तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत दिलं. तेव्हापासून मी लाखेची मोहर लावलेल्या पाकिटात बंद आहे. तपासणीसाठी पुढे कधी पाठवतील, माहीत नाही. सुचिता चौकशीला येते तेव्हा आतून ऐकते: तिचा आवाज अजून पुरता निवळलेला नाही. ती आणि प्रेरणा आता दुसऱ्या मैदानावर सोबत धावतात. आणि शंकररावांच्या कपाटात माझ्या बहिणी अजून रांगेनं उभ्या आहेत.

मित्रांनो, जो तुमच्या अंगातली उणीव बोटानं दाखवतो आणि दुसऱ्या हातानं लगेच तिचं औषध पुढे करतो, त्याच्यापासून दोन पावलं मागे व्हा. आणि माझ्यासारखी बाटली घरात सापडली, तर रागानं मोरीत रिती करू नका. जपून ठेवा. तळाशी उरलेले चार थेंबच आता माझ्या वतीनं बोलणार आहेत.