बादलचं वजन

रतिलालभाऊ वाढायला उभे असताना पंगतीतून कुणी अर्धपोटी उठल्याचं यावल तालुक्यात कुणाला आठवत नाही. वरण-बट्टीची पंगत बसली की भाऊ तुपाचं भांडं डाव्या हातात आणि बट्ट्यांचं ताट उजव्या हातावर घेऊन निघत. पोट टम्म झालेली माणसं त्यांना लांबून पाहूनच ताटावर दोन्ही हात आडवे धरत. भाऊ बोटांच्या फटीतून बरोबर बट्टी सोडत आणि म्हणत, "एका बट्टीनं काय होतं?" एका बट्टीनं काय होतं हे आडवी झालेली माणसं संध्याकाळपर्यंत सांगत असत. भाऊ तोवर केळीच्या बागेत निघून गेलेले असत.

या माणसाच्या घरात पोपटाची पिल्लं वाढत होती, आता बोला.

पोपट भाऊंचे नव्हते, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचे, भूमिकाचे होते. रानातला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, हे ती आल्यागेल्याला आधीच सांगून टाकी. हे परदेशी पोपट. अंगानं राखाडी, तोंडावर पिवळा हात फिरवल्यासारखं, गालावर नारिंगी टिकला आणि डोक्यावर तुरा. बाजारात यांना कॉकटेल म्हणतात. लॉकडाऊनमध्ये तिनं भुसावळहून एक जोडी आणली, तेव्हा भाऊ म्हणाले होते, "हे काय खूळ?" आता मागच्या पडवीत सहा जोड्या होत्या, आणि मे महिन्यात पडवीला गोणपाटं बांधून त्यांवर दर तासाला पाणी मारायचं काम भाऊच करत होते. खूळ कुणाचं हे विचारायची सोय राहिली नव्हती.

माणसाळलेलं पिल्लू हवं असेल तर ते दोन-अडीच आठवड्यांचं असताना आईबापांच्या पेटीतून उचलावं लागतं. मग पिठासारखं खाणं कोमट पाण्यात कालवून, सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीनं, दर तीन-चार तासांनी भरवायचं. फार गरम झालं तर पिल्लाचा गळा भाजतो, गार झालं तर ते पचत नाही. भूमिका मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाही. त्या उन्हाळ्यात चार अंड्यांपैकी तीन उकाड्यानं वाया गेली आणि एकच पिल्लू जगलं. रंग ढगासारखा, म्हणून त्याचं नाव बादल.

मे महिन्याच्या सुरुवातीला भूमिकाला धुळ्याला नोकरी लागली. यावलच्या एका लॅबमध्ये ती दुपारी बारा ते चार रक्त तपासायला जायची, पण ती अर्धवेळ, तात्पुरती. धुळ्याची कायमची होती, मोठ्या लॅबमधली. दोन जूनला, सोमवारी, रुजू व्हायचं होतं. भाऊंनी पेढे आणले, गल्लीत वाटले, आणि पेढ्याचा रिकामा खोका हातात घेऊन ओट्यावर बराच वेळ बसून राहिले. लेक शिकली, तिला नोकरी लागली, हे सगळं त्यांना हवंच होतं. ती इथून जाईल एवढाच भाग त्यांनी हिशेबात धरला नव्हता.

"बादल आपलं आपण खायला लागला की मी निघते," भूमिका म्हणाली. "त्याला अर्ध्यावर सोडून जाणार नाही."

खायला शिकवायची रीत अशी, की पिल्लू सहा आठवड्यांचं झालं की दुपारची पिचकारी बंद करायची. पुढ्यात बाजरीचं कणीस टांगायचं, राळ्याचे दाणे पसरायचे आणि दूर व्हायचं. भूक लागली की ते ओरडतं, चिडतं, शेवटी दाणा फोडून बघतं. रोज सकाळी काट्यावर वजन करायचं. सुरुवातीला ते थोडं उतरतं, मग थांबतं. स्वतः खाऊन वजन तीन दिवस टिकलं की पिचकारी कायमची धुऊन ठेवायची.

पहिल्या दुपारी भूमिका लॅबला गेली आणि बादलनं आकांत मांडला. मान वरखाली हलवत, तुरा पाडून, घशातून नुसता खरखर आवाज. भाऊ उन्हातून बागेवरून आले होते. भुकेलं लेकरू समोर ओरडतंय आणि खाणं डब्यात आहे, असा प्रसंग भाऊंच्या आयुष्यात तोवर आलाच नव्हता. त्यांनी पाणी कोमट केलं, पीठ कालवलं, मनगटावर थेंब टाकला आणि भरवलं. एका पिचकारीनं काय होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी दयेपोटी भरवलं, असं आपण म्हणू. तिसऱ्या दिवशी पिचकारी भरताना मात्र त्यांच्या मनात आलं, हा शिकला नाही तर ती जायची नाही. मनात आलं ते आलं. नंतर त्यांनी ते कधी बाहेर काढलं नाही, आणि कधी विसरलेही नाहीत. चार वाजता ती यायची तोवर पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी रिकामी होते, एवढा अभ्यास भाऊंनी केला होता. पिचकारी धुऊन, पुसून, तिनं ठेवली होती तशीच, टोक खिडकीकडे करून ठेवायची. बादलच्या पिसांना लागलेलं पीठ धोतराच्या सोग्यानं टिपायचं. इतकी टापटीप त्यांनी स्वतःच्या लग्नातही दाखवली नव्हती.

भूमिका मात्र चक्रावली. कॅलेंडरवर ती रोज वजन लिही. ब्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. "बाजरीला चोच लावत नाही आणि वजन वाढतंय! हे कसं काय?" पक्षी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिनं विचारलं. एकानं लिव्हर बघायला सांगितलं, एकीनं दृष्ट काढायला सांगितलं. शेवटी ती बादलला डब्यात घालून एसटीनं भुसावळला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "याला काहीही झालेलं नाही. हा खाऊन-पिऊन सुखी आहे."

"डॉक्टरले काय कयतं," ती घरी आल्यावर भाऊ घाईघाईनं म्हणाले. "पोटाचं दुखनं आतलं राह्यतं."

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या झुंबरबाईंनी मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या. झुंबरबाई शिरपूरकडच्या. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली तरी माहेरची बोली त्यांनी सोडली नव्हती, आणि वेळ आल्याशिवाय बोलायचं नाही ही सवयही.

मे संपत आला. गुरुवारी संध्याकाळी भूमिकानं धुळ्याला फोन लावला आणि रुजू व्हायला पंधरा दिवस वाढवून मागितले. पलीकडून काय उत्तर आलं ते तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. सोमवारी आला नाहीत तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावू, असं त्यांनी सांगितलं होतं.

"कळवते उद्या, जमणार नाही म्हणून," ती म्हणाली.

भाऊंना हवं होतं ते झालं होतं. ते उठून अंगणात गेले, परत आले, पाणी प्यायले. भूमिकानं लॅबसाठी घेतलेला नवा पांढरा कोट बॅगेतून काढला, घडी मोडू न देता कपाटाच्या तळाशी सरकवला आणि येऊन बादलची चोच ओल्या कापसानं पुसू लागली. ती रडली असती, चिडली असती, तरी भाऊंना चाललं असतं. ती त्या पाखराशी गोडीनं बोलत होती. "असू दे हं, तुझ्यावर नाही राग," असं म्हणत होती. स्वतःच्या लेकीच्या घासाला आपण हात घातला, हे त्यांना त्या घडीला जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं. लाज वाटली, फार वाटली.

रात्रभर तळमळून शुक्रवारी सकाळी ते काट्यापाशी आले. सत्त्याण्णव ग्रॅम.

"मी भरवतो त्याले," भाऊ म्हणाले. "दुपारी. तू गेल्यावर."

भूमिका काट्याकडेच बघत राहिली. "किती दिवस?"

"सतरा."

"रोज?"

"एक दिवस नही. मोटर बिघडली होती, बागेतच राहिलो."

एरवी ती हसली असती. "नाना," ती बापाला म्हणाली, आणि आवाज चढला, "अहो, असा हा जन्मभर शिकला नसता! मोठा झाला असता, उडाला असता आणि तरी पिचकारीच मागत बसला असता. आपण नसलो म्हणजे याच्यासमोर धान्याची रास ओतली तरी हा उपाशी मेला असता. हा लाड आहे का?"

भाऊंनी मान खाली घातली. "तू जाशी, म्हनून," ते म्हणाले.

"माले बठ्ठं माहीत व्हतं," झुंबरबाई आतून म्हणाल्या.

भूमिका गर्रकन वळली. "मग तू का नाही बोललीस?"

झुंबरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "माले बी तेच वाटे, तू जाऊ नको म्हनीसन."

आता रागवायचं तरी कुणाकुणावर? भूमिका खाली बसली. एक पाखरू, दोन म्हातारी होत चाललेली माणसं, आणि तिघंही तिच्याकडेच बघताहेत. थोड्या वेळानं ती उठली, कपाटाच्या तळातून कोट काढला आणि बॅगेत ठेवला. मग बापाला समोर बसवून पढवलं. सकाळी एक पिचकारी, संध्याकाळी एक. दुपारी फक्त कणीस आणि दाणे. वजन ऐंशीच्या खाली गेलं तर लगेच फोन. "आणि तो कितीही ओरडला तरी हात लावायचा नाही. आग्रह नाही, नाना. बसायचं आणि बघायचं."

रविवारच्या एसटीनं ती गेली. शिदोरीत भाऊंनी केळ्यांची अख्खी फणी कोंबली, तेवढं तिनं चालवून घेतलं.

सोमवारी दुपारी बादलनं ओरडायला सुरुवात केली तेव्हा भाऊ पडवीत मांडी घालून बसले होते, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. पोटात ओढ लागली होती ती त्या पाखराच्या की त्यांच्या, सांगणं कठीण. बादल पिंजऱ्याच्या जाळीला लटकला, मान हलवली, खाली उतरला, पुन्हा लटकला. गल्लीतल्या उखर्डूबाबांनी येऊन विचारलं, "काय रे रतिलाल, कोनी मारू रायलं का त्याले?" भाऊ म्हणाले, "मीच मारू रायलो, बाबा." उखर्डूबाबा पाणी न मागता परत गेले.

मंगळवारी तसंच. बुधवारी बादलनं कणसाला चोच मारली आणि रागानं दाणे उधळून दिले. वजन अठ्ठ्याऐंशीवर आलं. झुंबरबाई नवऱ्याजवळ येऊन बसू लागल्या, लसूण सोलत. एकदा भाऊ उठले, पिठाच्या डब्यापर्यंत गेले, डब्याला हात लावला आणि झुंबरबाईंनी हाक न मारताच परत येऊन बसले.

गुरुवारी दुपारी पडवीत एकदम शांत झालं. भाऊंनी पाहिलं तर बादल कणसावर एक पाय ठेवून उभा होता. चोचीत दाणा फिरत होता, खालच्या बाजूनं बारीक फोलपट उडत होतं. एक दाणा. मग दुसरा. भाऊंना ओरडून गल्ली गोळा करावीशी वाटली, पण पाखरू बुजेल म्हणून त्यांनी तोंडावर उपरणं दाबून धरलं. डोळे भरले ते भरूच दिले. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळची पिचकारीही बंद ठेवली तरी वजन अठ्ठ्याऐंशीच राहिलं आणि भाऊंनी स्वतःच्या हातानं पिचकारी धुऊन कपाटात ठेवली.

त्या रविवारी संध्याकाळी भूमिकाचा फोन आला. बादलची बातमी ऐकून तिनं "शाब्बास नाना!" म्हटलं, तीनतीनदा विचारून घेतलं.

"नाना, मला इथं करमत नाहीये," ती म्हणाली. "खोलीतल्या दोघी आपापसातच बोलतात. काल माझ्या हातून काचेच्या नळ्या फुटल्या, सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. जुन्या लॅबवाले अजून घेतील मला. मी येऊ का परत?"

'ये' हे अक्षर भाऊंच्या जिभेच्या टोकावर होतं. बॅग भर, पहिली एसटी धर, मी स्टँडवर येतो. सगळं वाक्य तयार होतं.

"नको," भाऊ म्हणाले.

"नाना?"

"नको म्हनलं ना. महिनाभर राह्य. मग बोलू."

ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, मोठ्यानं, दम लागेपर्यंत. भाऊंनी फोन कानापासून हलवला नाही. 'उगी' म्हणाले नाहीत, काही कबूल केलं नाही. मोकळा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. बऱ्याच वेळानं ती नाक ओढत म्हणाली, "ठेवू?"

"ठेव. नळ्या पुन्हा धरून पाह्य. येतं हाताले."

फोन ठेवून ते तसेच बसले. झुंबरबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या जवळ येऊन बसल्या.

"मी लगीन करीसन ह्या घरमा उनू," त्या म्हणाल्या, "तवय पंधरा दिवसमा मना बापले निरोप धाडेल व्हता, माले माहेरले लई जावाले ये. तो उना नही. एकतीस वरीस मी त्याले दगड म्हनी राहिनू."

त्यांनी डोळे पुसले आणि ताट वाढायला आत गेल्या.