उचलण्याची तारीख

माझी बायको नोहोरा आमच्या गावच्या कलासंग्रहालयात सव्वीस वर्षं कागद सांभाळत होती. मी तिथलाच सुतार. पेट्या करायच्या, चित्रं टांगायची आणि प्रदर्शन संपलं की उचलायची. आमच्या सिनू नदीच्या काठाला प्रदर्शन उतरवलं असं कोणी म्हणत नाही, उचललं म्हणतात. माणूस गेलं की घरात नऊ दिवस वेदी मांडतात, तीही नवव्या दिवशी उचलतात. दोन्हीला शब्द एकच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी चूक तिथंच झाली.

नोहोराचं काम असं होतं. खास प्रदर्शनासाठी दुसऱ्या गावांहून चित्रं मागवली की प्रत्येक चित्राचा एक कागद ती करायची. क्रमांक, नाव, आकार, देणारा कोण, घेणारा कोण, उचलण्याची तारीख. खाली मोठा रकाना, अवस्था. प्रदर्शन चालू असेपर्यंत ती भिंग घेऊन फिरायची आणि त्या रकान्यात भर घालायची. 'डाव्या कोपऱ्यात तडा, तांदळाएवढा.' 'वरच्या कडेला पाण्याचा डाग, जुना.' एवढंच. सुंदर हा शब्द तिच्या कागदांत मी कधी पाहिला नाही. प्रदर्शन उचललं की सगळे कागद एका पुठ्ठ्याच्या पेटीत जायचे, वरून फडक्याची पट्टी बांधायची आणि पेटी मांडणीवर.

बारा ऑगस्टला भर दुपारी ती तिच्या टेबलाशीच गेली. नदीच्या चित्रकारांचं प्रदर्शन चालू होतं, सहा गावांहून आणलेली सदतीस चित्रं. दारावरचा पहारेकरी एउस्तोर्खिओ तिला कॉफी द्यायला गेला आणि त्याला वाटलं डुलकी लागली आहे. त्यानं कप ठेवला आणि पाय न वाजवता परत आला. अर्ध्या तासानं मीच गेलो. कॉफी गार झाली होती.

घरात वेदी मांडली. तीन पायऱ्या, पांढरी चादर, तिचा फोटो, पाण्याचा पेला. शेजारच्या बायका रोज येऊन प्रार्थना म्हणायच्या. त्यांची म्होरकी सेन्यो पेत्रोना. आमच्याकडे वयस्क बाईला सेन्यो म्हणतात. नवव्या दिवशी मी स्वयंपाकघरात कॉफी ओतत होतो. नऊ दिवस झोप नव्हती. पेत्रोना बाहेरून ओरडली, "आरिस्तिदेस, उचलायची ना रे बाबा आता?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तीस सप्टेंबरला. कागदावर लिहिलंय."

बाहेर कोणीतरी म्हणालं, "तीस? कुठल्या कागदावर गं?"

"पाद्रीबाबांनी दिला असेल."

पेत्रोना स्वयंपाकघराच्या दारात आली. "चाळीस दिवस तिला अशी उभी ठेवणार? पाहुणीला निरोप देऊन उंबऱ्यात अडवतं का कोणी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी संग्रहालयाची तारीख सांगितली. चुकून बोललो एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. वेदी होती तोवर सकाळी उठल्यावर कोणाला तरी उठलो म्हणून सांगता येत होतं.

"तीस सप्टेंबरच," मी म्हणालो. बायका कॉफी न घेता गेल्या.

सप्टेंबरच्या विसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. त्या आमच्या संचालिका. औषधं देत नाहीत, पण आमच्या गावात मोठी परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला आम्ही डॉक्टर म्हणतो.

"आरिस्तिदेस, शाळांच्या रांगा लागल्यात बघ. प्रदर्शन नाताळपर्यंत ठेवू या. सगळ्या गावांचा होकार आलाय. नोहोराच्या कागदांवर मुदतवाढीचा शिक्का तेवढा मार. तिच्या खोलीतलं तुझ्याशिवाय कोणाला सापडणार?"

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, बाई."

"शिक्का मारायचाय. कविता नाही लिहायची."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. नाताळपर्यंत म्हणजे घरची वेदीही नाताळपर्यंत. पेत्रोनाला सांगायला तारीख मिळाली.

तिच्या खोलीत बसलो आणि एकेक कागद घेऊन शिक्का मारत गेलो. सदतीस झाले. खाली आणखी एक होता.

क्रमांक ३८. नाव: उभी बाई. आकार: १५८ सेंटिमीटर. घेणारा: आरिस्तिदेस एस्पितिया. देणारा, तिथं काही नव्हतं. उचलण्याची तारीख: ३० सप्टेंबर. आणि अवस्थेच्या रकान्यात:

'२१ ऑगस्ट. चांगली.'

'२ सप्टेंबर. ओठांवर बारीक तडे.'

'१० सप्टेंबर. डाव्या गालाचा रंग सुटतो आहे.'

'१८ सप्टेंबर. पाय सुजले आहेत.'

अक्षर तिचं होतं. ती आठाचा आकडा खालून वर काढायची, तसे आठ होते. नोहोराची उंची एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. तिची शवपेटी मीच केली होती.

मी कागद घेऊन दारावर गेलो. एउस्तोर्खिओच्या मुलीचा मी धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो.

"कोंपाद्रे, ही चेष्टा तुझी असेल तर तुझे दात पाडीन."

त्यानं वाचलं आणि हात पाठीमागे घेतले. "मला माझी सही दोनदा सारखी येत नाही, मी तिचं अक्षर काढणार? तो कागद माझ्या टेबलावर ठेवू नकोस."

"मग कोणी लिहिलं?"

"तू तिला तारीख दिलीस, तिनं नोंद केली. ती कधी नोंद चुकवायची का?" मग जरा हळू म्हणाला, "नवव्या दिवशीच उचलायला हवं होतं. टांगून ठेवलंयस तू तिला."

"तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझं काही जात नाहीये. तिचंच जाणं होत नाहीये, तेच सांगतोय."

मी परत खोलीत गेलो. मग अडतिसाव्या कागदावरही शिक्का मारला. चोवीस डिसेंबर. मला ती हवी होती. दुसरं काही कारण नाही. सगळे कागद पेटीत घातले, पट्टीला माझी स्वतःची सुतारी गाठ मारली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घेऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठ तशीच होती. सोडली. अडतिसाव्या कागदावर शिक्क्याच्या खाली नवी ओळ होती.

'२१ सप्टेंबर. शिक्का पाहिला. मुदत वाढवू नये.'

हे वाक्य तिनं सव्वीस वर्षांत चार-पाचदा लिहिलं असेल. जे चित्र आणखी थांबलं तर टिकणार नाही, त्याच्यासाठीच लिहायची. एकदा आधीच्या संचालकांनी ते मानलं नव्हतं. एका तरुण मुलीचं जुनं चित्र होतं. वाढवलेल्या मुदतीच्या तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीचा चेहरा खपल्या होऊन खाली पडला. मी तो मऊ ब्रशनं गोळा करून काडेपेटीत भरला होता. नोहोरा त्या दिवशी जेवली नाही.

मी तसाच घरी गेलो. फोटो होता तसा होता. पेला होता तसा होता. मग खाली पाहिलं. वेदीच्या पुढं, चादरीच्या कडेला, माणूस उभं राहील तेवढ्या जागेत फरशीवर बारीक भुकटी पडली होती. गव्हाळ रंगाची. खिडक्या बंद होत्या, भिंतीला पांढरा चुना. मी गुडघ्यावर बसलो. बोट लावायला गेलो आणि मागं घेतलं. मी बघत असतानाच आणखी थोडी पडली. वरून, पण फोटोच्या जागेवरून नाही. त्याच्या पुढून, हवेतून.

"नोहोरा," मी म्हणालो, "थांब, मी बघतो."

काय बघतो ते मलाही माहीत नव्हतं. पण एवढं कळलं की माझ्याजवळ ठेवली तर ती अशीच झडत जाईल आणि ती भुकटी मी झाडायची. तो ब्रश अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत होता.

त्याच दुपारी मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आयुष्यात त्यांच्याशी खोटं बोललो नव्हतो.

"बाई, दुसऱ्या दालनाच्या भिंतीत ओल आहे. तीस तारखेला उचलायलाच हवं."

"काल नव्हती ओल?"

"काल मी हात लावला नव्हता."

"शाळांना काय सांगू मी? पाद्रींच्या शाळेची चारशे पोरं यायची आहेत."

"चारशे पोरांना रिकामी चौकट दाखवायची असेल तर ठेवा."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "तू ठीक आहेस ना, आरिस्तिदेस?"

"उचललं की होईन."

भिंत बघायला त्या उठल्या नाहीत. तीस तारीख पुन्हा ठरली. पुढचे दिवस मी पेट्या करत होतो. सदतीस जुन्या होत्याच, त्या नीट केल्या. अडतिसावी नवी केली, कागदावरच्या मापाची, सीडरच्या लाकडाची. एउस्तोर्खिओ दारातून बघायचा. कागदावर रोज एक तारीख वाढत होती. 'उजवा हात हलत नाही.' 'आवाज गेला.' एकोणतीसला फक्त तारीख होती, पुढं रेघ.

तीस तारखेला सकाळी पेत्रोना बायकांना घेऊन आली. दारं-खिडक्या उघडल्या. वाटेत कोणी उभं राहायचं नसतं म्हणून सगळ्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. "रडू नकोस हं," ती मला म्हणाली, "रडलं की पाय अडतात." तिनं चादर वरून खाली ओढली. पायऱ्या मी उचलल्या. फरशी स्वच्छ होती. मी फोटो कपाटात ठेवला आणि कामावर गेलो.

अडतिसाव्या पेटीत काय ठेवायचं ते मला कळलं नाही. म्हणून काही ठेवलं नाही. झाकण लावलं आणि आठ स्क्रू पिळले.

दहा वाजता ट्रक आला. चालक यामिद, बोलका माणूस. सदतीस पेट्या चढवून झाल्या. ही शेवटची.

"ही रिकामी आहे ना?" एउस्तोर्खिओ म्हणाला. "मी एकटा घेतो."

त्यानं एक टोक धरलं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, पेटी जागची हलली नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरं टोक धरलं. आम्ही उचलली. चार पावलं गेलो तेव्हा आत काहीतरी सावकाश मागं टेकलं. आपटलं नाही. दमलेलं माणूस खुर्चीत टेकतं तसं.

"मेरीमाते," एउस्तोर्खिओ म्हणाला. पण सोडलं नाही त्यानं.

"काय भरलंय, दगड?" यामिद हसला. मग यादी बघून म्हणाला, "अहो काका, अडतीसला पत्ताच नाही. कोणाकडे उतरवू?"

देणाऱ्याचा रकाना दहा दिवस माझ्या डोळ्यांसमोर रिकामा होता. मला वाटत होतं तिथं माझं नाव यायला हवं, ती माझी होती. पण तिनं माझं नाव घेणाऱ्यात लिहिलं होतं, आणि रकाने ती चुकायची नाही. मी एकोणतीस वर्षांपूर्वी तिला खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातून घेऊन आलो होतो. दर वर्षी ईस्टरच्या पवित्र आठवड्यात ती म्हणायची, आईकडे जाऊन येऊ या. दर वर्षी मला काहीतरी टांगायचं असायचं. पुढच्या वर्षी, मी म्हणायचो. आई जाऊन नऊ वर्षं झाली. घराला तेव्हापासून कुलूप.

मी यामिदच्या यादीवर वाडीचं नाव लिहिलं. शेवटचं घर, पाण्याकडचं. देणारी: सेन्यो एल्विरा, तिची आई.

"घ्यायला कोणी असेल ना घरी? नाहीतर एवढं लांब जाऊन मी परत आणणार नाही."

"असेल," मी म्हणालो.

दोन आठवड्यांनी यामिद पोचपावत्या घेऊन आला. सदतीस सह्या, सदतीस शिक्के. अडतिसाव्यावर निळ्या शाईचा अंगठा होता. ठशात जुन्या जखमेची आडवी रेघ, मासे साफ करताना होते तशा जखमेची.

"म्हातारी सही येत नाही म्हणाली," यामिद सांगत होता. "शाई सापडेना. मग आतून दुसऱ्या बाईनं आणून दिली."

"दुसरी कोण?"

"मुलगी असावी. मी चेहरा नाही बघितला, ती उजेडाकडे पाठ करून उभी होती. पेटी परत नेऊ का विचारलं, तर म्हणाली लाकूड चांगलं आहे, राहू दे."

"कोण म्हणाली? म्हातारी?"

"नाही, ती दुसरी."

अवस्थेच्या रकान्यात पोचपावतीवर काही लिहिलेलं नव्हतं. मी ती कागदाला जोडली, पेटी बांधली आणि मांडणीवर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या जागी नवी मुलगी घेतली आहे. ती हुशार आहे. पेटीवर सदतीस आणि आत अडतीस का, असं तिनं एकदा विचारलं. तिला मी म्हणालो, तसंच असू दे.

एउस्तोर्खिओ म्हणतो, जाऊन बघून ये, दोन तासांची होडी आहे. मी जात नाही. परत गेलेली वस्तू पुन्हा आणायची तर नवा अर्ज करावा लागतो. अर्जाचा एक कोरा कागद मी नोहोराच्या टेबलातून घेऊन ठेवला आहे. रविवारी काढतो. क्रमांक लिहितो, नाव लिहितो, आकार लिहितो. मग कारण असा रकाना येतो, आणि किती दिवसांसाठी, असाही एक. तिथं मी थांबतो आणि कागद फाडून टाकतो. मग दुसरा आणतो.