एकाच लूथरची दोन मेजं

मनुबाईचं लग्न ठरलं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, की नवऱ्यापायी चर्चही बदलावं लागेल. दोन्ही घरं ख्रिस्ती, त्यातही लूथरच्या पंथाची, लूथरन, मग बदलायचं काय? माहेरी शिरवळला धर्मशिकवणीची लूथरची लहान प्रश्नोत्तरी पाठ, सासरी सांगलीलाही तीच. तरी सांगलीच्या चर्चच्या पाळकांनी तिला तीन महिने समोर बसवून तेच प्रश्न विचारले, तीच उत्तरं ऐकली आणि मग कुठं तिचं नाव सभासदांच्या, म्हणजे मंडळीच्या, वहीत चढवलं.

फरक होता तो कारभाराचा. शिरवळच्या मंडळीवर बिशप. तो धाडील तो पाळक, तो म्हणेल तेव्हा बदली. सांगलीकरांना बिशपाचं नावसुद्धा नको. इथं पुरुषांनी हात वर करून पाळक निवडायचा आणि वरच्या सिनडनं, सगळ्या मंडळ्यांच्या महासभेनं, नुसता सल्ला द्यायचा. बायकांना मत नाही. त्यांनी मागच्या बाकांवर बसून गीतं म्हणायची. दोन भावांच्या सामाईक विहिरीसारखं होतं सगळं, पाणी एकच आणि भांडण पाळीचं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण सांगलीचा नियम असा, की ज्या मंडळीशी शिकवण एकच असल्याचा करार नाही तिच्या मेजावर प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर आणि पेला, घ्यायचं नाही. शिरवळशी असा करार नव्हता. तिथं घेतलं तर नाव वहीतून कमी. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी पाळकांकडे जाऊन नाव द्यावं लागे, ते यासाठीच. मनुबाईचा नवरा आकाराम कुपवाडच्या एका कारखान्यात लेथ चालवायचा. माणूस भला, पण मंडळीचा पंच. कमी केलेली नावं सभेत वाचून दाखवायचं काम त्याच्याकडं होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात शिरवळहून तार आली. मनुबाईची आई रंगूबाई आता दोन-चार दिवसांची सोबतीण होती. दोघं पहिल्या एसटीनं निघाली. साताऱ्याच्या स्टँडवर आकाराम चहाच्या बशीत बघत म्हणाला, "आगं, तिथं पाळक भोजन द्याय आला तर..."

"ठावं हाय मला," मनुबाई म्हणाली.

पाळक आलाच. खाटेशेजारी स्टुलावर पांढरं फडकं, त्यावर भाकर आणि पेला. रंगूबाईनं आपला तुकडा हातात घेतला, पण तोंडात घालायच्या आधी लेकीकडं बघितलं.

"माज्यासंगं घे गं मने. येकदा घे. मग मी सुटले."

पाळकानं दुसरा तुकडा पुढं केला. मनुबाईनं आकारामकडं बघितलं. तो हो म्हणेना, नाही म्हणेना, नुसता वर कौलांकडं बघत राहिला. असा राग आला तिला! धड बांधत नव्हता, धड सोडत नव्हता. घ्यावं, तर यानं भर सभेत बायकोचं नाव वाचायचं आणि पंचपद सोडून खाली मान घालून फिरायचं. न घ्यावं, तर समोर आई.

"आई, मला न्हाई घेता येत."

"का गं? माजा येशू येगळा हाय व्हय?"

याचं उत्तर प्रश्नोत्तरीत नव्हतं. म्हातारीनं एकटीनं घेतलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

वर्षभरानं सांगलीच्या पाळकांनी उपासनेनंतर एक टाइप केलेलं पत्र वाचलं. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची बैठक झाली होती आणि शिकवण एकच असल्याचं त्यांना आढळून आलं होतं. आढळून आलं म्हणे! तिकडं बिशप राहील, इकडं हात वर करणं राहील, पण मेज आता एक. पुरुषांनी ठरावाला हात वर केले. सगळ्यात आधी आकारामचा हात वर गेला.

शनिवारी तो धुतलेला सदरा घालून दारात उभा राहिला. "चल, नाव दिऊन यिऊ. आता कुटं बी घे, कोन इचारनार न्हाई."

मनुबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमचं दिऊन या."

"आन तुजं?"

"माजं वहीतनं कमी करा. तुमच्या नियमापायी मी आईम्होरं तोंड मिटलं. आता नियम उठला, पर आई उठती का?"

"आगं, पर सभेत कारन काय सांगू?"

"वाचून दावायचं काम तुमचंच हाय न्हवं? सांगा, आईसंगं घेतलं न्हाई म्हनून."

आकारामला आत येववेना आणि बाहेरही जाववेना. पाळकांकडं नावं द्यायची वेळ टळून गेली तरी तो उंबऱ्यातच उभा होता.